सहा ‘हॅड’ आणि गणपती पेठेतलं गोदाम

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीची गणपती पेठ पाण्याखाली गेली. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पेठेतल्या एका व्यापाऱ्याच्या गोदामात हळकुंडं, बेदाणा आणि डाळींची पोती होती. बराच माल भिजला. विमा होता, म्हणून दावा दाखल झाला. कंपनीने नेमलेले सर्व्हेअर परराज्यातले होते, त्यांना मराठी येत नव्हतं. त्यामुळे ‘त्या रात्री काय घडलं’ याचं निवेदन इंग्रजीतून मेल करावं लागलं. व्यापाऱ्याची पुतणी बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. घरात इंग्रजी तिचंच त्यातल्या त्यात बरं, तेव्हा तिने ते लिहिलं.

सर्व्हेअरकडून उलट प्रश्नांची यादी आली. ती वाचून काका हादरले, कारण त्यांना वाटलं की आपल्याला खोटं ठरवलं जातंय. ती मुलगी माझ्याकडे इंग्रजीच्या संध्याकाळच्या वर्गाला यायची. दोघेही विश्रामबागेत माझ्याकडे आले. “मॅडम, पोरीनं लिहिलंय ते सगळं खरं आहे. मग हा माणूस असलं का विचारतोय, तेवढं बघा की,” असं काका म्हणाले.

कागद वाचल्यावर लक्षात आलं की कुणी कुणाला खोटं ठरवत नव्हतं. अडचण भूतकाळाची होती. ‘वेंट’ लिहायचं की ‘हॅड गॉन’ हा प्रश्न परीक्षेत एका गुणाचा असतो, इथे त्यावर एका घराचा माल अवलंबून होता. घरच्यांच्या परवानगीने, नावं गाळून, हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. मराठी माध्यमातून आलेल्या जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याच्या लिखाणात मला हीच गाठ दिसते.

मूळ निवेदन

इंग्रजी वाक्यं इथे देवनागरीत देते. तिने लिहिलं होतं:

‘वुई हॅड अ गोडाउन इन गणपती पेठ. एव्हरी इयर वुई वेअर पुटिंग वुडन प्लँक्स. वुई पुट द स्टॉक ऑन द प्लँक्स. ऑन मंडे नाइट द वॉटर हॅड कम. वुई हॅड शिफ्टेड फॉर्टी बॅग्ज टू द अपर फ्लोअर. द हमाल्स हॅड गॉन होम. द लाइट हॅड गॉन. द टेम्पो हॅड कम ॲट सिक्स. वुई हॅव इन्फॉर्म्ड युवर ऑफिस ऑन ट्यूजडे. वुई डिड नॉट गॉट एनी रिप्लाय. इफ यू केम टू सांगली, वुई विल शो द डॅमेज्ड बॅग्ज.’

सर्व्हेअरचे प्रश्न असे होते. गोदाम अजून तुमच्याच ताब्यात आहे का? चाळीस पोती पाणी शिरण्याआधी हलवली की नंतर? नंतर हलवली असतील तर ती भिजली होती का? हमाल आधीच घरी गेले होते, तर मग पोती कुणी उचलली? माल फळ्यांवर नेहमी असतो, की त्या दिवशी ठेवला होता? आमच्या कार्यालयाला कळवल्याचा विषय तुमच्याकडून संपला आहे, की उत्तराची वाट पाहताय?

प्रत्येक प्रश्न निवेदनातल्या एकेका क्रियापदाला चिकटलेला आहे. मराठी न येणाऱ्या माणसाने ती वाक्यं वाचली तर नेमक्या याच शंका येतील. पुराच्या दाव्यात हा क्रम फार महत्त्वाचा असतो, कारण नुकसान कमी व्हावं म्हणून विमाधारकाने वेळेत शक्य ते केलं का, हे सर्व्हेअरला पाहावंच लागतं. पाणी शिरण्याआधी चाळीस पोती वर नेणारा माणूस आणि पाणी शिरल्यावर धावपळ करणारा माणूस, या दोघांची गोष्ट सारखी नसते.

आधी मराठीत सांग

मी कागद बाजूला ठेवला आणि तिला म्हटलं, त्या रात्री काय झालं ते मला मराठीत सांग, घरात सांगतेस तसं. मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं. ती बोलली ते साधारण असं होतं:

“सोमवारी संध्याकाळी कळलं की नदी वाढतेय. काकांनी सातला हमाल बोलावले. आम्ही चाळीस पोती वरच्या मजल्यावर नेली. पोती नेत होतो तेवढ्यात लाइट गेली. दहाला हमाल घरी गेले, त्यांची घरं पण खालच्या अंगालाच. पहाटे चारच्या सुमाराला पाणी आत आलं. सहाला टेम्पो आला, पण तोवर पाणी तिसऱ्या थरापर्यंत चढलं होतं.”

हे ऐकून मला मनापासून आनंद झाला. तिच्या बोलण्यात कळलं, बोलावले, नेली, गेली, गेले, आलं, आला, असा साधा भूतकाळ ओळीने होता. ‘नेत होतो’ ही चालू क्रिया सोडली तर ‘क्रियापद अधिक होतं’ अशी जोडी फक्त एकदा आली, ‘चढलं होतं’, आणि ती बरोबर जिथे हवी तिथेच. तिचं हे सांगणं जसंच्या तसं इंग्रजीत उतरवलं असतं तर निवेदन जवळजवळ निर्दोष झालं असतं. मग कागदावर एवढे ‘हॅड’ आले कुठून?

ते तिच्या दुसऱ्या सांगण्यातून आले. पाणी ओसरून आठवडे उलटल्यावर, लांबून मागे वळून पाहत, आपण मराठीत कसं बोलतो? “पाणी आलं होतं. आम्ही पोती हलवली होती. लाइट गेली होती.” सांगलीत कुणालाही विचारा: “२००५ ला पाणी आलं होतं, २०१९ ला पण आलं होतं.” लिहायला बसल्यावर तिच्या मनात ही मराठी होती, आणि शाळेत पाठ केलेलं सूत्र हाताशी होतं: ‘होता-होती-होतं दिसलं की हॅड.’

मराठीतलं ‘होतं’ दोन कामं करतं

या भागावर मी तिच्यासोबत सगळ्यात जास्त वेळ दिला, इथेही देणार आहे.

“काल मामा आले” आणि “काल मामा आले होते” ही दोन वाक्यं घ्या. पहिलं ऐकल्यावर मामा घरातच आहेत असं वाटतं. दुसरं ऐकल्यावर आपण समजतो की मामा आले आणि गेलेही. ‘होते’ने इथे दुसऱ्या कुठल्या घटनेच्या आधीचा काळ दाखवलेला नाही. त्याने एवढंच सांगितलं की ती घटना आता मिटली, तिचा परिणाम आज उरलेला नाही. “पाणी आलं!” अशी हाक पेठेत उठली तर पाणी दारात आहे. “पाणी आलं होतं” म्हटलं तर ते ओसरलं आहे. “मी काल पुण्याला गेलो होतो” म्हणणारा माणूस परत आलेला असतो. हे मराठीतल्या ‘होतं’चं पहिलं काम, आणि रोजच्या बोलण्यात त्याचा वापर प्रचंड आहे.

दुसरं काम वेगळं आहे. “टेम्पो आला तेव्हा पाणी चढलं होतं.” इथे भूतकाळातल्या दोन घटना आहेत, आणि ‘होतं’ सांगतं की चढण्याची घटना टेम्पो येण्याच्या आधी घडली.

इंग्रजीतलं ‘हॅड गॉन’, ‘हॅड कम’ या घडणीचं रूप मुख्यतः हे दुसरंच काम करतं. भूतकाळातला एखादा क्षण समोर असावा लागतो आणि हे रूप त्याच्याही मागे बोट दाखवतं. तो क्षण पानावर नसेल तर वाचक तो शोधत बसतो. ‘द वॉटर हॅड कम’ वाचल्यावर सर्व्हेअरच्या मनात पहिला प्रश्न आला असणार, कशाच्या आधी? पुढे ‘वुई हॅड शिफ्टेड’. तेही कशाच्या तरी आधी. मग ‘हॅड गॉन होम’. पाच वाक्यं मागे बोट दाखवताहेत आणि ज्याच्या मागे, तो क्षण कुठेच नाही. क्रम सांगणारा धागाच तुटला. हमालांचं वाक्य तर उलटंच लागलं. पाणी आलं तेव्हा हमाल आधीच घरी गेले होते, म्हणजे पोती उचलायला कुणी नव्हतं, असा अर्थ निघाला. प्रत्यक्षात त्याच हमालांनी चाळीस पोती वर नेऊन मगच घर गाठलं होतं.

मग मराठीच्या पहिल्या ‘होतं’साठी इंग्रजीत काय वापरायचं? साधा भूतकाळ. ‘माय अंकल केम यस्टरडे’ हे वाक्य मामा अजून आहेत की गेले याबद्दल काहीच बोलत नाही. ते फक्त घटना आणि तिची वेळ नोंदवतं. मामा परतले हे सांगायचंच असेल तर ‘अँड लेफ्ट इन द इव्हनिंग’ असं पुढे जोडायचं. मराठी मनाला हे अपुरं वाटतं, कारण आपलं ‘होते’ सांगण्यातून निसटलं असं वाटत राहतं. म्हणून हात आपोआप ‘हॅड’कडे जातो. ‘आय हॅड गॉन टू पुणे यस्टरडे’ हे वाक्य सांगली-मिरजेत रोज ऐकू येतं, आणि त्याचं मूळ आळसात किंवा अज्ञानात नाही. आपल्या भाषेत जो फरक जिवंत आहे तो इंग्रजीतही दाखवावा, या धडपडीतून ते येतं. मुलांना हे समजावून सांगितलं की त्यांच्या चेहऱ्यावरचा अपराधीपणा जातो आणि सुधारणा लवकर होते. नुसतं लाल पेनाने ‘हॅड’ खोडल्याने ती होत नाही.

मी तिला एकच कसोटी दिली. ‘हॅड’ लिहिलंस की स्वतःला विचार, कशाच्या आधी? उत्तर त्याच वाक्यात किंवा शेजारच्या वाक्यात सापडलं तर राहू दे. नाही सापडलं तर साधा भूतकाळ लिही.

ओळीने येणाऱ्या घटना

साध्या भूतकाळाची खरी ताकद गोष्ट सांगताना कळते. घटना ज्या क्रमाने घडल्या त्याच क्रमाने साधी रूपं मांडत गेलं की वेगळा काळ लावावा लागत नाही. वाक्यांचा क्रम हाच घटनांचा क्रम होतो. आमच्या भागातलं उदाहरण मी वर्गात नेहमी देते. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले आणि पूर आलेल्या कृष्णेत त्यांनी उड्या घेतल्या. इंग्रजीत ‘दे ब्रोक आउट ऑफ द जेल, रॅन टू द रिव्हर अँड जंप्ड इन’. तीन क्रियापदं, तिन्ही साधी, आणि आधी काय नि नंतर काय याबद्दल कुणालाही शंका येणार नाही. त्या जागी तीन ‘हॅड’ घालून पाहा, दृश्य विरून जातं.

क्रम उलटा सांगायचा असेल तरच ‘हॅड’ची गरज पडते. तिथेही ‘बिफोर’ किंवा ‘आफ्टर’ असेल तर बहुतेक वेळा साधा भूतकाळ पुरतो. ‘द हमाल्स लेफ्ट बिफोर द वॉटर एंटर्ड’ यात ‘बिफोर’नेच काम झालं.

‘पोती नेत होतो तेवढ्यात लाइट गेली’ हे वाक्य तिने इंग्रजीत ‘द लाइट हॅड गॉन’ असं तोडून टाकलं होतं. इथे मराठी आणि इंग्रजी अगदी एकसारखं वागतात. चालू असलेली क्रिया अपूर्ण भूतकाळात, मध्येच घडलेली साध्या भूतकाळात: ‘व्हाइल वुई वेअर मूव्हिंग देम, द लाइट्स वेंट आउट.’ मराठी जसंच्या तसं चालतं तिथे ते चालवून घ्यावं, असं मी मुलांना आवर्जून सांगते.

सहावं ‘हॅड’

पहिल्या वाक्यातलं ‘वुई हॅड अ गोडाउन’ निराळं आहे. इथे ‘हॅड’ सहायक नाही, ‘हॅव’ या क्रियापदाचाच तो साधा भूतकाळ आहे. व्याकरण चुकलेलं नाही, अर्थ चुकला आहे. स्थिती सांगणारा साधा भूतकाळ वाचला की वाचक समजतो, ती स्थिती आता नाही. ‘वुई हॅड अ गोडाउन’ म्हणजे एके काळी होतं. सर्व्हेअरचा पहिलाच प्रश्न त्यातून आला. तिला विचारलं तेव्हा म्हणाली, “मॅडम, सगळं निवेदन मागच्या गोष्टीचं, म्हणून सगळी वाक्यं भूतकाळात केली.” बऱ्याच शाळांत मुलांना असंच शिकवलेलं असतं की एका उताऱ्यात एकच काळ ठेवावा. पण काळ वाक्यागणिक ठरतो. गोदाम आजही आहे, तर ‘हॅव’.

दर वर्षीच्या फळ्यांचंही तसंच. मराठीत “आम्ही दर वर्षी फळ्या टाकत होतो” किंवा “टाकायचो” म्हटलं की रीती भूतकाळाचा, म्हणजे जुन्या सवयीचा, अर्थ येतो. इंग्रजीत तोच अर्थ साध्या भूतकाळाने येतो: ‘माय ग्रँडफादर वॉक्ड टू द मार्केट एव्हरी डे.’ ‘यूज्ड टू’ घातलं तर ती सवय आता सुटली हे आणखी ठळक होतं. ‘वेअर पुटिंग’ मात्र त्या एका वेळी चाललेली क्रिया दाखवतं, ‘एव्हरी इयर’शी त्याचा मेळ बसत नाही. काका अजूनही दर जूनमध्ये फळ्या टाकतात. म्हणजे इथे भूतकाळ मुळात नकोच, साधा वर्तमानकाळ हवा.

त्याच्या पुढचं ‘वुई पुट द स्टॉक’ तर खास आहे. पुट, कट, शट, हिट, कॉस्ट अशी काही क्रियापदं भूतकाळातही बदलत नाहीत. कर्ता ‘ही’ किंवा ‘शी’ असता तर वर्तमानकाळात ‘पुट्स’ झालं असतं आणि फरक दिसला असता. ‘वुई’पुढे तो दिसत नाही. त्यामुळे ‘वुई पुट’ म्हणजे नेहमी ठेवतो की त्या वेळी ठेवला, हे नुसत्या वाक्यावरून कळायला मार्ग नाही. अशा क्रियापदाला वेळ सांगणारा शब्द जोडावाच लागतो. आम्ही लिहिलं: ‘इन जून धिस इयर वुई पुट द स्टॉक ऑन वुडन प्लँक्स, ॲज वुई डू एव्हरी इयर.’ एका वाक्यात घटनाही आली आणि सवयही.

मंगळवार आणि ‘हॅव’

‘वुई हॅव इन्फॉर्म्ड युवर ऑफिस ऑन ट्यूजडे’ या वाक्याच्या मागे “मंगळवारी कळवलंय” हे मराठी आहे. आपल्याकडे ‘मंगळवारी’ आणि ‘कळवलं आहे’ गुण्यागोविंदाने एकत्र नांदतात. इंग्रजीत मात्र ठरावीक, संपलेल्या वेळेचा उल्लेख आला की ‘हॅव’चं रूप चालत नाही. यस्टरडे, लास्ट वीक, टू डेज अगो, ऑन ट्यूजडे, इन १८४३, हे शब्द साधा भूतकाळच मागतात. विष्णुदास भाव्यांनी सांगलीत १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलं, ते ‘स्टेज्ड’. आयर्विन पूल १९२९ साली खुला झाला, तो ‘ओपन्ड’. घटनेचं महत्त्व आज कितीही असो, साल लिहिलं की ‘हॅज’ गळालं पाहिजे.

उत्तराच्या वाक्यात नेमकं उलट झालं. “उत्तर आलं नाही” हे मराठी वाक्य दोन्हीकडे चालतं: तेव्हा आलं नाही, आणि अजून आलेलं नाही. इंग्रजी इथे दोन वाटा करते. ‘वुई डिड नॉट गेट अ रिप्लाय’ म्हणजे त्या वेळी मिळालं नाही, विषय मागे पडला. ‘वुई हॅव नॉट रिसीव्ड अ रिप्लाय येट’ म्हणजे आजही वाट पाहतोय. दाव्याच्या कागदात दुसरंच हवं होतं. अमेरिकी बोलण्यात ‘डिड यू ईट येट’सारखी वाक्यं सर्रास चालतात, आणि मालिका बघणारी मुलं ती मला दाखवतात. बोलताना चालतील. पत्रव्यवहारात ‘येट’बरोबर ‘हॅव’ ठेवणं सुरक्षित.

आता ‘डिड नॉट गॉट’. याबद्दल मुलांना सगळ्यात जास्त बोलणी खावी लागतात, म्हणून त्यामागचं कारण सांगते. मराठीत नकार करताना भूतकाळाची खूण मुख्य क्रियापदावरच राहते: आला, आला नाही. ‘नाही’ फक्त शेजारी येऊन बसतं. इंग्रजीत नकार किंवा प्रश्न आला की भूतकाळाची खूण ‘डिड’ उचलतं आणि मुख्य क्रियापद मूळ रूपात मोकळं होतं: गेट, गो, कम. पोतं एकाच हमालाच्या पाठीवर द्यायचं, दोघांच्या नाही. चार-पाचशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘ही केम नॉट’ असंही म्हणत, अगदी आपल्या ‘तो आला नाही’सारखं. पुढे ‘डिड’ची रीत रुळली. हे ऐकल्यावर मुलगी हसून म्हणाली, “म्हणजे मी जुनं इंग्रजी लिहिलं.” तसं नाही, कारण जुन्यात ‘डिड’ नव्हतं. पण तिला नियमामागची हालचाल समजली, आणि त्यानंतर ही चूक तिच्या लिखाणात मला दिसली नाही.

‘तुम्ही आलात तर’

शेवटचं वाक्य सर्व्हेअरने प्रश्नात घेतलं नाही, पण मला तेच सगळ्यात जास्त खटकलं. “तुम्ही सांगलीला आलात तर भिजलेली पोती दाखवू.” मराठीत ‘तर’च्या आधी भूतकाळाचं रूप येतं आणि अर्थ भविष्याचा असतो: पाऊस थांबला तर, गाडी मिळाली तर. इंग्रजीत अशा खऱ्याखुऱ्या शक्यतेसाठी ‘इफ’नंतर साधा वर्तमानकाळ येतो: ‘इफ यू कम’. ‘इफ यू केम’ म्हटलं की साधा भूतकाळ वेळ सांगायचं काम सोडतो आणि दुरावा दाखवायला लागतो. आलातच समजा, पण तुम्ही यायचे नाही, असा सूर लागतो. ‘इफ वुई हॅड अ ट्रक, वुई वुड मूव्ह एव्हरीथिंग टुनाइट’ यातलं ‘हॅड’ असंच आहे: ट्रक आज नाही. ‘आय विश आय न्यू’ म्हणजे मला माहीत नाही. ‘इट्स टाइम वुई लेफ्ट’ म्हणजे अजून निघालेलो नाही. रूप भूतकाळाचं, वेळ आजची. ज्या माणसाला आपण आदराने बोलावतोय त्याला तुम्ही काही यायचे नाही असं सुचवणं काकांच्या मनातही नव्हतं.

मेलच्या तळाशी तिने आणखी एक ओळ लिहिली होती आणि चूक वाटून खोडली होती: ‘आय वाँटेड टू आस्क अबाउट द सर्व्हे डेट.’ ती मी परत घ्यायला लावली. इथेही भूतकाळ वेळेचा नाही, नम्रतेचा आहे. “मला जरा विचारायचं होतं” म्हणताना आपणही हेच करतो.

दुसरं निवेदन

तिच्या रेकॉर्डिंगवरून आम्ही वाक्यं उतरवली. ‘नदी वाढतेय असं कळलं’ इथे एकदा थांबावं लागलं. मराठीत ‘कळलं’पुढे ‘वाढतेय’ तसंच राहतं. इंग्रजीत ‘हर्ड’च्या मागोमाग ‘इज’चं ‘वॉज’ होतं. शेवटी मजकूर असा झाला:

‘वुई हॅव अ गोडाउन इन गणपती पेठ. इन जून धिस इयर वुई पुट द स्टॉक ऑन वुडन प्लँक्स, ॲज वुई डू एव्हरी इयर. ऑन मंडे इव्हनिंग वुई हर्ड दॅट द रिव्हर वॉज रायझिंग. वुई कॉल्ड द हमाल्स ॲट सेव्हन. विथ देअर हेल्प वुई मूव्ड फॉर्टी बॅग्ज टू द अपर फ्लोअर. व्हाइल वुई वेअर मूव्हिंग देम, द लाइट्स वेंट आउट. द हमाल्स लेफ्ट ॲट टेन. द वॉटर एंटर्ड द गोडाउन ॲट अबाउट फोर इन द मॉर्निंग. अ टेम्पो केम ॲट सिक्स, बट बाय देन द वॉटर हॅड रीच्ड द थर्ड रो ऑफ बॅग्ज. वुई इन्फॉर्म्ड युवर ऑफिस ऑन ट्यूजडे. वुई हॅव नॉट रिसीव्ड अ रिप्लाय येट. इफ यू कम टू सांगली, वुई विल शो यू द डॅमेज्ड बॅग्ज.’

‘हॅड’ आता एकच उरलं, ‘हॅड रीच्ड’, आणि कशाच्या आधी हे त्याच वाक्यात आहे: सहाला टेम्पो येण्याच्या आधी. काकांना मी हे मराठीत वाचून दाखवलं. ते म्हणाले, “हां, आता त्या रात्रीसारखं वाटतंय.” ‘विथ देअर हेल्प’ हे शब्द त्यांनीच घालायला सांगितले, कारण हमालांनी स्वतःची घरं सोडून रात्री दहापर्यंत काम केलं होतं आणि ते कागदावर यावं अशी त्यांची इच्छा होती.

प्रत्यक्ष पाहणीआधी फोनवरही बोलणं होणार होतं, म्हणून उच्चारांची तयारी केली. क्रियापदाच्या शेवटी ‘ट’ किंवा ‘ड’ असेल तर जोडलेलं रूप ‘इड’ ऐकू येतं: लोडिड, शिफ्टिड. आधी क, प, श, च, स असले तर ‘ट’: पॅक्ट, चेक्ट, रीच्ट. बाकी बहुतेक ठिकाणी ‘ड’: मूव्ड, कॉल्ड. वर मी स्पेलिंगच्या सवयीने ‘रीच्ड’ लिहिलंय, बोलताना ते ‘रीच्ट’ होतं. आपल्याकडे ‘आस्केड’, ‘पॅकेड’ असं म्हणणारे पुष्कळ आहेत, ऐकणाऱ्याला ते वेगळेच शब्द वाटतात. एक सवलत मात्र इंग्रजी देते: हलवला, हलवली, हलवलं, हलवले अशा लिंग-वचनाच्या भानगडी तिथे नाहीत. सगळ्यांसाठी एकच ‘मूव्ड’. फक्त ‘वॉज’ आणि ‘वेअर’ सांभाळायचं.

दुसऱ्या निवेदनाला सर्व्हेअरचं उत्तर आलं त्यात क्रमाबद्दल एकही प्रश्न नव्हता. त्यांनी खरेदीची बिलं, साठ्याची वही आणि पाहणीसाठी सोयीचा दिवस विचारला होता. पाहणी झाली, वरच्या मजल्यावरची चाळीस पोती कोरडी आहेत हे त्यांनी स्वतः पाहिलं आणि नोंदवलं. पुढचा हिशेब कागदपत्रांवर चालला, त्यात माझा काही भाग नव्हता.

मुलीचं काम मात्र चालू राहिलं. लिखाणातले ‘हॅड’ सुटले तरी बोलताना ते येतच राहिले, विशेषतः सुट्टीहून परत आल्यावर: ‘आय हॅड गॉन टू माय व्हिलेज’. बोलताना थांबून कसोटी लावायला वेळ नसतो. म्हणून वर्गात आम्ही एक सराव सुरू केला. प्रत्येकाने कालचा दिवस आधी मराठीत, घटना डोळ्यांसमोर घडताहेत अशा घाईने सांगायचा, उठलो, गेलो, भेटला, म्हणाला, आणि लगेच तोच इंग्रजीत. मराठी सांगण्यात ‘होतं’ शिरलं तर शेजाऱ्याने विचारायचं, “कशाच्या आधी?” पेठेतली दोन-तीन दुकानदारांची मुलं आता या वर्गाला येतात, आणि हा प्रश्न ती एकमेकांना मराठी बोलतानाही विचारतात.